चांगुणाबाईंना त्यांचे मूळ पती परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
कुटुंब नोंदणी कक्ष,
खाडीकाठ नागरी सेवा केंद्र,
जुईनगर, नवी मुंबई.

अर्जदार : सौ. मीना अभिराम खांबेटे, राहणार जुईनगर.

विषय : दिवाळे गावच्या सौ. चांगुणाबाई नामा कोळी यांना त्यांचे मूळ पती तातडीने परत मिळण्याबाबत.

संदर्भ :
१) आपल्या संगणकाने अर्जदाराच्या पतीस पाठवलेला अभिनंदनाचा संदेश.
२) याच विषयावरचा अर्जदाराचा पहिला अर्ज, जो आपल्या कार्यालयाने "अर्जात 'मी' फार आला आहे" असा शेरा मारून परत केला.
३) काल खिडकीवर घडलेला प्रकार, ज्याची आपणांस अद्याप कल्पना नसावी.

महोदय,

आपला शेरा मान्य करून या अर्जातून 'मी' काढून टाकला आहे. यापुढे जिथे 'अर्जदार' असे येईल, तिथे खाली सही करणारी मीना समजावी. तिचा उभा जन्म एका शाळेच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेला आहे, त्यामुळे असा अर्ज लिहिणे तिला जड नाही. वाचताना आपल्याला जड गेला, तर तो हकिकतीचा दोष समजावा, अक्षराचा नव्हे.

१. आपल्या केंद्रात कुटुंबपत्र काढताना आधी कुटुंबप्रमुखाची नोंद करतात. नोंद झाली की संगणक आपणहून त्या कुटुंबाला पुढचा क्रमांक देतो, आणि मग त्या क्रमांकाखाली बायको, मुले, म्हातारी माणसे अशी एकेक चढवली जातात. व्यवस्था चांगली आहे. अर्जदाराच्या शाळेत हजेरीपटावर क्रमांक घालायला गुरुजी असत आणि ते चुकले तर त्यांना जाब विचारता येई. इथे जाब विचारायला गेले की यंत्राकडे बोट दाखवतात, एवढाच काय तो फरक.

२. गेल्या महिन्यात अर्जदार आणि तिचे पती अभिराम यांनी आपल्या खिडकीवर रीतसर नोंद केली. खिडकीवर श्री. धनेश होते. ते सज्जन आहेत, आणि या अर्जात त्यांच्यावर कुठेही ठपका नाही. रांगेत अर्जदाराच्या मागेच चांगुणाबाई होत्या. त्यांचे पती नामा बाहेर फाटकापाशी बसले होते, कारण चांगुणाबाईंच्या पाटीत सुका जवळा होता आणि आपला पहारेकरी पाटी आत नेऊ देईना, आणि पाटीजवळ कोणीतरी बसा म्हणून हटून बसला. तेव्हा पाटी आणि नवरा दोन्ही बाहेर ठेवून बाई एकट्याच खिडकीशी आल्या.

चांगुणाबाईंना हे कुटुंबपत्र का हवे आहे, ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या साऱ्या हसण्यात ते हरवायचे नाही. दिवाळ्याच्या धक्क्याजवळ नवा मासळीबाजार बांधून झाला आहे. जुनी बसायची जागा मोडणार, आणि नव्या बाजारातला ओटा फक्त मासेमारी करणाऱ्या कुटुंबातल्या बाईलाच मिळणार. तिचे नाव तशा कुटुंबपत्रावर असले पाहिजे. जुन्या जागेवर चांगुणाबाईंची सासू बसत असे, तिच्यामागे त्या बसतात. ओट्यांची यादी या महिन्याअखेर पक्की होते आहे. यादीत नाव आले नाही, तर या वयात पाटी डोक्यावर घेऊन पुन्हा दारोदार फिरणे त्यांच्या नशिबी येईल.

३. तर श्री. धनेश यांनी विचारले, कुटुंबप्रमुखाचे, म्हणजे पतीचे, नाव काय. बाई गप्प. पुन्हा विचारले. बाईंनी पदर सावरला, मागे रांगेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तेंचा नाव मी लग्नान घेतला तो घेतला. आता काय खिरकीन उबी ऱ्हावून घेऊ?"

अर्जदाराने मध्ये पडून आपण सांगते म्हटले, रांगेतल्या एका गृहस्थांनी आधारपत्रावरून वाचून घ्या म्हटले. पण आपल्या कक्षाचे परिपत्रक खिडकीवरच चिकटवलेले आहे : पतीचे नाव पत्नीने स्वमुखाने सांगावे आणि सांगितले तसे शब्दशः नोंदवावे. खाली आपली सही आहे. धनेश यांचा नाइलाज झाला. रांग खोळंबलेली पाहून शेवटी चांगुणाबाईंनी ज्या रीतीने कुठल्याही बाईला नाव घेता येते त्या रीतीने ते घेतले :

"होरी लागली धक्क्याला, जाला लागला कामा,
पाटी माजे डोक्याव, नं सुकानूव नामा."

रांगेने टाळ्या वाजवल्या. अर्जदारानेही वाजवल्या, हे इथे कबूल केलेले बरे. आणि श्री. धनेश यांनी परिपत्रकाला जागून होरीपासून सुकाणूवरच्या नामापर्यंत सगळा उखाणा पतीच्या नावाच्या रकान्यात उतरवला.

५. आपण म्हणाल, चौथा परिच्छेद कुठे गेला. तो लिहिला होता. त्यात आपल्या कार्यालयाबद्दल काही शब्द जास्त कडक उतरल्याने अर्जदाराने तो खोडला. खोडलेल्या नोंदीचा क्रमांक पुन्हा कोणाला द्यायचा नाही, अशी आपल्या यंत्राची शिस्त असल्याचे समजले, म्हणून तीच इथेही पाळली आहे.

६. त्या रकान्यात एवढा मोठा नवरा मावत नाही. संगणकाने नोंद नाकारली. इथपर्यंत कोणाची चूक नाही. पण नोंद नाकारली गेली हे आपल्या संगणकाच्या पडद्यामागे चालणाऱ्या आज्ञावलीने पाहिलेच नाही. तिने आपले पुढचे काम चालू ठेवले : शेवटी पडलेला क्रमांक कोणता ते विचारले, आणि जो मिळाला त्याच्याखाली 'चांगुणाबाई, नाते : पत्नी' असे चढवून ती मोकळी झाली. शेवटी पडलेला क्रमांक अर्थातच अर्जदाराच्या पतीचा होता.

हे सगळे अर्जदाराला चांगुणाबाईंचे चिरंजीव तेजस यांनी समजावून दिले. ते वाशीला एका कंपनीत याच प्रकारचे काम करतात आणि बायकामुलांसह तिकडेच राहतात. त्यांनी बरेच काही सांगितले, पण अर्जदाराला कळले ते असे. देवळातून बाहेर पडल्यावर माणूस स्वतःची चप्पल शोधतो. आपले यंत्र बाहेर येते आणि ओळीत सर्वात शेवटी जी चप्पल दिसेल ती घालून घरी जाते. स्वतःची चप्पल देवळात येताना पायात होती की नव्हती, याचीही त्याला आठवण राहत नाही.

७. त्या दिवशी दुपारी अभिराम यांच्या मोबाइलवर संदेश आला : 'अभिनंदन! आपल्या कुटुंबात पत्नी चांगुणाबाई यांची यशस्वीरीत्या भर पडली आहे.' अर्जदाराचे पती हा संदेश वाचून घाबरले असतील असे आपणांस वाटेल. ते घाबरले नाहीत. त्यांनी संध्याकाळी दुसऱ्यांदा दाढी केली. विचारले तर म्हणाले, हात फिरवला तर खरखरत होती. संसारात इतकी वर्षे त्यांना कधी संध्याकाळी खरखरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या नोटिशीच्या फळ्याखाली चार बायका अर्जदाराकडे पाहून गप्प झाल्या. संदेश अभिराम यांनीच सेक्रेटरींना 'गंमत म्हणून' दाखवला होता. अर्जदाराला राग आला. राग चांगुणाबाईंचा मुळीच आला नाही, आणि आपलाही दुसऱ्या क्रमांकावर आला.

८. ओट्याचा अर्ज भरायचा तर ओटीपी कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर जातो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई पत्ता विचारत विचारत अर्जदाराच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर पाटी, मागे नामा. नामा आत येईनात. जिन्यातच उभे राहून त्यांनी अभिराम यांना बाहेर बोलवा असा निरोप दिला. अभिराम बाहेर आले, आणि त्यांची दाढी गुळगुळीत होती, हे अर्जदाराच्या नजरेतून सुटले नाही.

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदाच पाहिले, जसे बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकाला शिळे मासे कोणी देऊ पाहिले तर ते पाहील. मग अर्जदाराकडे वळून अतिशय शांतपणे म्हणाल्या, "बाय, यो त सुकट हाय. मना याचा काय करायचा हाय? घरा येक हाय तोच सांबालत नाय."

नामा जिन्यात पहिल्यांदा हसले. अभिराम आत गेले आणि त्यांनी ओटीपी आतूनच सांगितला. त्या दिवसापासून ते दिवसाआड दाढी करतात, हेही नोंदवून ठेवावे.

ओट्याचा अर्ज मात्र फेटाळला गेला. कारण : कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय 'निवृत्त लेखनिक' असून त्यांच्याकडे होडी नाही.

९. पुढचे दोन आठवडे अर्जदार, चांगुणाबाई आणि नामा यांनी आपल्या केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या. श्री. धनेश यांनी मनापासून मदत केली, पण यंत्रात बायको कमी करण्याची कारणे तीनच आहेत : मृत्यू, घटस्फोट आणि स्थलांतर. 'चूक' हे कारणच नाही. धनेश म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, पण सिस्टीममध्ये बायको चुकून आलीय असं ऑप्शनच नाय."

मृत्यू लावावा तर दाखला हवा. चांगुणाबाई त्यालाही तयार होत्या, पण दाखला देणाऱ्या खिडकीवर त्या स्वतःच गेल्या आणि तिथल्या बाईंनी त्यांच्याकडून माशांचा वाटाच विकत घेतला, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. घटस्फोट घ्यावा तर आधी अभिराम यांच्याशी लग्न झाल्याचा पुरावा लागतो. उरले स्थलांतर. पण चांगुणाबाई स्थलांतर करून जाणार त्या कुटुंबाला क्रमांक पाहिजे, आणि नामा यांची नोंद तर यंत्राने नाकारलेली. आपल्या लेखी नामा नावाचा माणूस दिवाळ्यात नाहीच.

म्हणून नामा यांनी स्वतंत्र नोंद करावी असे ठरले. नोंदीत वैवाहिक स्थिती विचारतात. 'विवाहित' लिहिले की पत्नीचा आधार क्रमांक द्यावा लागतो, तो दिला की यंत्र म्हणते, या बाई अभिराम खांबेटे यांच्या पत्नी आहेत. 'अविवाहित' लिहा, मग पाहू, असे धनेश यांनी सुचवले. नामा यांनी ते ऐकले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाहेर जाऊन पाटीशेजारी बसले. नातवंडे असलेल्या माणसाला हे लिहायला सांगणे बरे नव्हे, महोदय. अर्जदाराला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले. घरी आल्यावर तिने अभिराम यांना दोनदा विनाकारण चहा करून दिला.

याच दिवसांत अर्जदार आणि चांगुणाबाई यांचे चांगले जमले. चांगुणाबाई येताना काही ना काही घेऊन येत. अर्जदाराच्या घरी मासे शिजत नाहीत, हे कळल्यावर मग शेवग्याच्या शेंगा आणू लागल्या. आपल्या केंद्राच्या बाकावर बसून एकदा त्यांनी अर्जदाराला विचारले की तू तुझ्या माणसाचे नाव कसे घेतेस. अर्जदार म्हणाली, सारखेच घेते, अभिराम पंखा बंद कर, अभिराम दार लाव. चांगुणाबाई म्हणाल्या, "मंग त्यो सापडत कसा नाय तुला?" त्या दिवशी घरी जाऊन अर्जदाराने पंखा स्वतःच बंद केला.

१०. आता कालचा प्रकार. आपल्याच तोंडी आदेशावरून श्री. धनेश यांनी युक्ती काढली. चांगुणाबाईंना स्थलांतराच्या कारणाने अभिराम यांच्या कुटुंबातून कमी करायचे आणि त्याच बैठकीत नामा यांची प्रमुख म्हणून नोंद करून त्यांच्याखाली चढवायचे. अट एकच, पतीचे नाव या वेळी नुसते सांगायचे. उखाणा नको, होरी नको, जाळे नको. आडनावाला निराळा रकाना आहे.

अर्जदाराने आदल्या दिवशी दिवाळ्याला जाऊन चांगुणाबाईंची समजूत घातली. ओटा हवा असेल तर एवढे करावे लागेल. त्या म्हणाल्या, सासूने ऐकले असते तर काय म्हटले असते. अर्जदार म्हणाली, सासूचीच जागा आहे ती, म्हणून म्हणते. तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. आपल्या पहारेकऱ्यानेही काल मोठे मन केले आणि पाटी स्वतःजवळ ठेवून घेतली, त्यामुळे नामा आणि चांगुणाबाई पहिल्यांदाच एकत्र खिडकीपर्यंत आले.

चांगुणाबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. धनेश यांनी हलक्या आवाजात विचारले. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"नामा."

आणि मागे उभ्या असलेल्या नामांनी ओ दिली.

महोदय, अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ समारंभ पाहिले आहेत, त्यातल्या काहींची टिपणेही लिहिली आहेत. पण एवढे सुंदर दुसरे काही तिने पाहिलेले नाही. नामा ओ देऊन एकदम लाजले आणि छताकडे पाहू लागले. धनेश यांनी डोळे पुसले आणि दोनच अक्षरे टाइप केली. अभिरामही तिथे होते. त्यांनी अर्जदाराचा हात धरला आणि तो नंतर बराच वेळ सोडला नाही.

पडद्यावर लाल अक्षरांत आले : 'नाव फारच लहान आहे. किमान पाच अक्षरे आवश्यक.'

काना-मात्रा धरूनही नामा चारच भरतात. ज्या नावाला माणसाने ओ दिली, ते आपल्या यंत्राला अपुरे पडले. नोंद नाकारली गेली, आणि पूर्वीप्रमाणेच नाकारल्याचे कोणी पाहिले नाही. चांगुणाबाई अभिराम यांच्या कुटुंबातून तोवर कमी झालेल्या होत्या. यंत्राने शेवटी पडलेला क्रमांक कोणता ते विचारले आणि त्याच्याखाली त्यांना पत्नी म्हणून चढवले.

११. काल सकाळी 'अधिकाऱ्यांपासून सुरुवात' असा फलक लावून आपण स्वतः खिडकीवर आलात, स्वतःच्या कुटुंबाची नोंद केलीत, फोटो काढून घेतलात आणि वर बैठकीला निघून गेलात, हे आपल्या स्मरणात असेल. आपल्यानंतर लगेच चांगुणाबाईंचाच नंबर होता.

आपले अभिनंदन, महोदय.

१२. यामुळे अर्जदाराची तक्रार तशी संपलेली आहे. तिच्या घरी आता एकच पत्नी आहे आणि पंखा कोणी बंद करायचा यावरचा वादही पूर्ववत सुरू झाला आहे. पण चांगुणाबाईंचा प्रश्न उरतोच. उलट तो वाढला आहे, कारण ओट्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना ओटा मिळणार नाही. अभिराम यांची बायको असताना निदान होडीचाच प्रश्न होता. म्हणून आपल्यावरच्या जिव्हाळ्यापोटी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

नोंद करायला सांगितल्यावर ती झाली का, हे यंत्राने आधी पाहावे, आणि झाली नसेल तर तिथेच थांबावे. झाली असेल, तर शेवटी कोणाला कुठला क्रमांक पडला हे न विचारता 'मी आत्ता केलेल्या नोंदीचा क्रमांक कोणता' एवढेच विचारावे. ('मी' हा शब्द इथे यंत्राचा आहे, अर्जदाराचा नव्हे. त्यावर शेरा मारू नये.) तेजस म्हणतात की हे दोन ओळींचे काम आहे आणि ते फुकट करून देतील. रकान्यात मोठा नवरा मावावा आणि लहान नवराही बसावा. बायको चुकून येऊ शकते, हे कारण यादीत घालावे. आणि स्वमुखाने नाव सांगण्याचे परिपत्रक काढून टाकावे, कारण नाव आता एकदा घेऊन झाले आहे आणि चांगुणाबाई पुन्हा घेणार नाहीत. त्या म्हणाल्या, तो आता रोज ओ देत सुटला आहे, बोलावले नाही तरी.

हे सगळे यादी पक्की होण्याआधी व्हावे. चांगुणाबाईंना त्यांच्या सासूच्या जागेचा ओटा मिळावा, एवढेच या साऱ्याच्या मुळाशी आहे. आपण मनावर घेतले तर हे एका दुपारचे काम आहे, आणि आपण मनावर घ्याल याची अर्जदाराला प्रथमच खात्री वाटते आहे.

ओट्याचा अर्ज नव्याने भरायचा असल्याने ओटीपीसाठी चांगुणाबाई उद्या सकाळी आपल्या घरी येत आहेत. पत्ता नोंदीवरून मिळाला. सोबत नामा असतील आणि ते जिन्यातच थांबतील. दाढी करून ठेवू नये, असा अनुभवाचा सल्ला.

आपली नम्र, आणि कालपासून बरीचशी निश्चिंत,

(सही)
सौ. मीना अभिराम खांबेटे

ठिकाण : जुईनगर
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) अभिराम खांबेटे यांस आलेल्या अभिनंदनाच्या संदेशाची छायाप्रत.
२) ओट्याचा अर्ज होडीअभावी फेटाळल्याचे पत्र.
३) चांगुणाबाईंचा उखाणा, श्री. धनेश यांच्या अक्षरात, साक्षांकित.
४) आपणांस आलेल्या अभिनंदनाच्या संदेशाची प्रत जोडता आली नाही. नोंदीत आपण मोबाइल क्रमांक आपल्या सौभाग्यवतींचा दिला होता, तेव्हा ती त्यांच्याकडे मिळेल.